एकाच मापाची आई

तिला ताई म्हणायला वयाची अट नाही. साठी उलटलेले गृहस्थसुद्धा आमच्या लाँड्रीच्या काउंटरवर येऊन विचारतात, "ताई, कोट झाला का हो?" आणि ती तेहतीस वर्षांची बाई "झाला की दादा" म्हणून हसते. मी मात्र तिला पोरी म्हणते. दुकान माझं आहे आणि ती सोळाची असताना तिच्या हातात पहिली इस्त्री मीच दिली होती, तेवढा हक्क आहे मला. मला सगळे मावशी म्हणतात. गोड बोलणारी मावशी हवी असेल तर दुसरीकडे बघा, इथे मिळायची नाही.

ताईच्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी जुळी झाली. एक मुलगी, एक मुलगा. मुलगी जन्मल्यापासून भडक डोक्याची, म्हणून मी तिचं नाव ठेवलं ठिणगी. मुलगा शांत, सगळ्यात मागे, जेवायला बसला तरी शेवटी उठणार. तो गोगलगाय, म्हणजे लाडानं गोगल. बाप दोघांच्या जन्माआधीच गेला, गोदामात अंगावर माल कोसळून. आई पुढे दीड वर्ष कशीबशी राहिली. एका दुपारी दोघं झोपलेली असताना तिनं हातात पिशवी घेतली, ताईला म्हणाली, "जरा जाऊन येते," आणि ती बया अजून येतेच आहे.

मी तिला तोंड भरून शिव्या घातल्या. ताईनं एकदाही नाही. आठ-पंधरा दिवस दाराकडे बघत बसली आणि मग माझ्या दुकानात येऊन म्हणाली, "मावशी, काम द्या. आणि कोणी विचारलं तर आई तापानं गेली म्हणायचं. पोरांनासुद्धा हेच."

"अगं, पण उद्या कळलं तर?"

"मेलेल्या आईवर पोरं रागवत नाहीत, मावशी."

आता सोळा वर्षांच्या पोरीला हे कोणी शिकवलं असेल? मी गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची. गल्लीतल्या बायकांनाही दम भरला की, कोणी तोंड उघडलं तर कपडे घरीच धुवावे लागतील.

पोरं माझ्या दुकानातच वाढली. मळक्या चादरींच्या ढिगावर झोपायची, काउंटरखाली अभ्यास करायची. बोलायला लागली तशी आईचं विचारायला लागली. शाळेत सगळ्यांना आई होती ना. मग ताई त्यांना आईची गोष्ट सांगायची. कुठून आणायची कुणास ठाऊक, कारण त्या बाईनं सांगण्यासारखं काही मागे ठेवलेलं मला तरी माहीत नव्हतं. पण सांगायची. आणि त्यातही भांडणं! एकदा गोगलला झोपवताना तिनं गोष्टीत एक वाक्य जास्त सांगितलं, तर ठिणगीनं घर डोक्यावर घेतलं. "त्याला आई जास्त सांगितलीस! मला कमी सांगितलीस!" रडून रडून पोरगी निळी पडली. त्या दिवसापासून ताईनं पक्कं केलं. गोष्ट एकच, शब्द तेच, ना काना जास्त ना मात्रा कमी. खाऊ वाटताना कसा दोघांच्या वाट्या शेजारी ठेवून बघतो, तशी तिनं दोघांना आई वाटली.

मलासुद्धा ती गोष्ट पाठ झाली. "आईचे तळहात नेहमी कोमट असायचे. तुमचा कान दुखायला लागला की ती शेगडीच्या आचेवर हात धरायची. आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, चटका तर बसणार नाही ना. मग हळूच कानावर ठेवायची आणि म्हणायची, थांब, कानातल्या चोराला हुसकावून लावते. आणि चोर जाईपर्यंत हात काढायची नाही, मग रात्र होवो नाहीतर उजाडो."

यथावकाश दोघं कॉलेजात गेली. त्यांच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं हे पहिलंच माणूस, तेही एकदम दोन नग. ताईनं त्या दिवशी सगळ्या गिऱ्हाइकांना इतकं सांगितलं की शेवटी मी म्हटलं, "अगं, आता भोंगा लाव छपरावर."

कॉलेजात पहिल्या वर्षाला सगळ्यांनाच एक लेखनाचा विषय होता. दर थोड्या दिवसांनी एक निबंध. प्रत्येक निबंधाच्या वर आधी एक ओळ लिहायची, ‘हे लेखन माझे स्वतःचे आहे’, खाली सही, आणि मग पुढचं. ताईला ती ओळ फार आवडायची. म्हणायची, "बघा मावशी, सही करून लिहितात पोरं. आपण नुसत्या पावतीवर सही करतो." दोघं वेगवेगळ्या तुकड्यांत होती. शिकवणाऱ्या मॅडम मात्र एकच.

एका निबंधाला विषय आला, माझी सर्वांत जुनी आठवण. स्वतः पाहिलेलं, स्वतः अनुभवलेलंच लिहायचं. दोघांनी एकमेकांना न दाखवता लिहिलं, कारण त्या आठवड्यात दोघांचं काहीतरी बिनसलं होतं आणि बोलणं बंद होतं. आणि दोघांनी काय लिहिलं? कोमट तळहात, शेगडी, गाल, कानातला चोर. शब्दाला शब्द.

आता कॉलेजात निबंध तपासायला म्हणे सॉफ्टवेअर असतं. त्यानं दोन्ही निबंध लाल करून मॅडमच्या पुढ्यात टाकले. मॅडमनी दोघांना बोलावलं आणि विचारलं, "कोणी कोणाचं उतरवलं?"

आमच्या गोगलनं काय करावं? त्याला वाटलं, दोघं बुडण्यापेक्षा एक बुडालेला बरा. म्हणाला, "मी उतरवलं, मॅडम." ठिणगी तिथेच उसळली, "खोटं बोलतोय हा! यानं माझा निबंध बघितलासुद्धा नाही!" झालं. चोरी कबूल करणारा एक आणि ती चोरी झालीच नाही म्हणणारी दुसरी. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि घरच्या मोठ्यांना घेऊन या म्हणाल्या.

ऑफिस म्हटलं की तिची पाचावर धारण बसते. "मावशी, तुम्ही चला." मी शटर खाली ओढलं आणि गेले.

मॅडमची खोली लहानशी होती. एक टेबल, कपाट, निबंधांचे गठ्ठे आणि खिडकीत सुकायला आलेलं रोप. मला वाटलं होतं कोणीतरी खवीस बाई असेल, तिला चार शब्द सुनवायचे. पण ती तरुण मुलगी होती, डोळ्यांखाली काळं, आवाज शांत. तिनं आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वच्छ सांगितलं. या प्रकाराला वाङ्मयचौर्य म्हणतात. शब्द असा की ऐकूनच माणसाला आपण काहीतरी लंपास केलंय असं वाटावं. चूक कबूल करून लिहून दिलं तर निबंध पुन्हा लिहायला मिळेल. नाही दिलं तर प्रकरण समितीकडे जाईल, आणि समितीनं दोषी धरलं तर वर्ष गेलं.

ताई उभीच राहिली होती. म्हणाली, "मॅडम, शब्द माझे आहेत. मीच सांगते त्यांना असं."

"असं म्हणजे?"

मग ताईनं सांगायला सुरुवात केली. हात पुढे बांधून, शाळेत कविता म्हणतात तशी. मॅडम एका निबंधावर पेन्सिल फिरवत होत्या, मग दुसऱ्यावर फिरवायला लागल्या, आणि शेवटी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे दोघांनी तुमच्याकडूनच घेतलं," त्या म्हणाल्या. चेहरा निवळला त्यांचा. "मग एकमेकांचं उतरवलं नाही, हे मी मान्य करते. मला बरंच वाटलं."

मी मनात म्हटलं, सुटलो.

कसचं सुटतोय. मॅडम पुढे म्हणाल्या, "पण एक अडचण राहतेच. निबंधात ‘मी पाहिलं’, ‘मला आठवतं’ असं लिहिलंय. ही ऐकलेली गोष्ट आहे, स्वतःची आठवण नाही. त्यावर ‘हे माझं स्वतःचं’ म्हणून सही आहे. तेवढं दोघांनी लिहून द्या की ही आठवण आमची नाही. मग नवा निबंध लिहा, विषय संपला."

गोगलनं कागद ओढला आणि लिहून दिलं. त्याला खरंच काही आठवत नव्हतं, तसं तो म्हणालाही. ठिणगीनं कागदाला हात लावला नाही.

"मला आठवतं," ती म्हणाली.

"ऐकून ऐकून तसं वाटतं आपल्याला," मॅडम समजुतीनं म्हणाल्या. "सगळ्यांचंच होतं तसं."

"नाही मॅडम, खरंच आठवतं. गोष्टीत नाही तेसुद्धा आठवतं. खिडकीची एक काच फुटली होती, तिथे पुठ्ठा लावला होता. तिच्या हाताला गरम ओल्या कपड्यांचा वास यायचा. आणि माझा पुढचा दात हलत होता. मी रडता रडता जिभेनं तो ढकलत होते, तर ती म्हणाली, चोराबरोबर दातालाही हाकलू नकोस."

गरम ओल्या कपड्यांचा वास! ती बया माझ्या दुकानात कधी पाऊलसुद्धा टाकत नव्हती. आणि पुठ्ठा लावलेली खिडकी दुकानाच्या मागच्या खोलीची होती, तो पुठ्ठा मी स्वतः लावला होता. मी ताईकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. मी एक मूर्ख, इतकी वर्षं विचारत राहिले की ही पोरगी गोष्ट आणते कुठून.

मॅडमनी विचारलं, "आई गेली तेव्हा तू केवढी होतीस?"

"दीड वर्षाची."

मॅडमनी निबंध बाजूला सरकवला. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "दीड वर्षाच्या मुलाचे दात हलत नाहीत गं."

ठिणगीचा चेहरा पांढराफटक पडला. पण ती पोरगी मागे हटणारी नव्हे. "ते मला माहीत नाही. मी खोटं बोलत नाही. माझ्याकडे आईचं एवढंच आहे. ते माझं नाही असं मी लिहून देणार नाही. न्या मला समितीकडे, करा नापास." आणि उठून दाराकडे निघाली.

मी म्हटलं, "ए बाई, कर की सही! एका सहीनं काय होतंय?" तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

"ती खोटं बोलत नाही, मॅडम," ताई म्हणाली.

मी तिचा हात दाबला. ओठांनीच म्हटलं, नको. तिनं हात सोडवून घेतला.

"तिला बरोबर आठवतंय. सहा वर्षांची होती. कान सुजला होता तिचा, दुकानाच्या मागच्या खोलीत झोपवली होती. शेगडी नव्हती, इस्त्री होती. तो हात माझा होता."

ठिणगी दारातच थांबली.

ताई ठिणगीकडे बघून बोलायला लागली, भराभरा, आता थांबलं तर पुन्हा जमणार नाही असं. "तुम्ही दोघं बोलायला लागलात तेव्हा तुम्हाला ताई म्हणता यायचं नाही. त जमायचा नाही. आई म्हणायचात मला. मी दर वेळी सांगायचे, आई नाही रे, ताई. आई वेगळी. मग तुम्ही विचारायला लागलात, वेगळी म्हणजे कशी? काय सांगणार होते मी? माझ्याकडे काही नव्हतं. मग आदल्या दिवशी मी जे केलेलं असायचं, तेच आईनं केलं म्हणून सांगायचे. मला वाटलं, करणारी कोणी का असेना. तुम्हाला आई तर होईल."

"आणि मग आई?" हे गोगलनं विचारलं. कधी नव्हे तो पहिला बोलला. "आई काय करायची, ताई?"

ताईनं त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"एक तरी गोष्ट तिची असेल ना?"

तिच्यासारखी बाई, दोन मिनिटांत एक अख्खी आई उभी करणारी, पण त्या खोलीत तिला खोटं सुचेना. ठिणगी दारातून परत आली, टेबलावर दोन्ही हात टेकून तिच्यासमोर उभी राहिली. "ती तापानं गेली ना? तेवढं तरी खरं आहे ना?"

"गेली," ताई म्हणाली. "मेली नाही. निघून गेली."

"कुठे?"

"माहीत नाही गं."

मॅडम उठल्या आणि काही न बोलता बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. भली बाई. तिचा यात काय दोष? तिनं तर विचारायला हवं तेच विचारलं होतं. पण मला त्या वेळी तिचा, सॉफ्टवेअरचा, त्या कॉलेजचा, सगळ्यांचा संताप आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चोरी त्या निघून गेलेल्या बाईची, आणि उभी कोण राहिली गुन्हेगारासारखी? ज्या पोरीनं आपलं लग्न, आपलं तारुण्य सगळं त्या दोघांवरून ओवाळून टाकलं, ती.

ठिणगी रडली नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी नापास झाले असते तर परवडलं असतं, ताई. तू कशाला बोललीस?"

"तुझं वर्ष गेलं असतं गं."

"वर्षच गेलं असतं ना! आई तर राहिली असती!"

 

ठिणगी त्याच आठवड्यात कॉलेजच्या वसतिगृहात राहायला गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. कपडे भरले, ताईनं इस्त्री करून दिलेले वर ठेवले, आणि "येते" म्हणाली. तो शब्द ऐकून ताईनं दाराची चौकट धरली. मी पाहिलं ते. पोरीच्या ध्यानात आलं नाही. एवढी दुष्ट नाही ती.

गोगल घरीच आहे. आवाज चढवून बोलत नाही, जेवतो, अभ्यास करतो. पण संध्याकाळी दुकानात मदतीला येतो तेव्हा काउंटरवर पन्नाशीची कोणी अनोळखी बाई आली की तो तिच्या तोंडाकडे बघत राहतो. पावती लिहायची विसरतो. ताई आतून बघते, आणि इस्त्री फिरवत राहते. एकदा मी त्याला म्हटलं, "अरे, काय बघतोस एवढं?" तर म्हणाला, "काही नाही मावशी." पुढे विचारायची माझी छाती झाली नाही.

कॉलेजनं दोघांनाही दोष दिला नाही. नवे निबंध लिहायला सांगितले, विषय तोच. ठिणगीच्या निबंधाला दोन्ही तुकड्यांत सगळ्यांपेक्षा जास्त गुण मिळाले. मॅडमनी त्याच्या प्रती काढून मुलांना वाचायला वाटल्या. गोगलनं एक प्रत दुकानात आणली आणि काउंटरवर ठेवून तो मागे गेला.

दुपारची गर्दीची वेळ होती. ताईनं हात पुसले, पदराला पुन्हा पुसले, आणि उभ्यानंच वाचायला घेतलं. मी चष्मा लावून तिच्या खांद्यावरून वाचत होते. पोरीनं लिहिलंय झकास, खोटं कशाला बोलू? मागची खोली, पुठ्ठ्याची खिडकी, ठणकणारा कान, ओल्या कपड्यांची वाफ, सगळं जसंच्या तसं. मी मनात म्हणत होते, आता लिहील, आता लिहील. ताईचं बोट ओळीखालून सरकत होतं, आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता.

शेवटी लिहिलं होतं: ‘माझ्या कानावर कोणाचा तरी कोमट हात होता. तो हात कोणाचा होता हे मला इतरांनी दोन वेळा सांगितलं, आणि दोन्ही वेळा वेगळं सांगितलं. मला त्या माणसाचा चेहरा आठवत नाही. मला फक्त हात आठवतो. जे मला स्वतःला माहीत नाही ते मी लिहिणार नाही.’

बाजूला मॅडमनी लाल शाईनं लिहिलं होतं, अत्यंत प्रामाणिक लेखन.

माझं डोकं सणकलं. म्हटलं, "थांब, आत्ता जाते त्या वसतिगृहावर आणि कान उपटून आणते कार्टीला. चेहरा आठवत नाही म्हणे!"

"नको मावशी," ताई म्हणाली. "बरोबर लिहिलंय तिनं."

"काय बरोबर लिहिलंय, डोंबल?"

"डोळे मिटलेले होते तिचे. दुखत होतं ना खूप. तिनं मला पाहिलंच नव्हतं." तिनं कागदाची व्यवस्थित घडी घातली. "तिनं कोणाचं उतरवलं नाही, मावशी. स्वतःचं स्वतः लिहिलंय."

असं म्हणाली, आणि मग तिला हुंदका आवरेना. इतक्या वर्षांत मी तिला दुकानात रडताना पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. काउंटरवर दोन्ही हात टेकून ती भर दुपारी ओक्साबोक्शी रडत राहिली. समोरचं गिऱ्हाईक हातात पावती धरून विचारत होतं, "ताई, काय झालं हो?" मी त्याला म्हटलं, "उद्या या." आणि शटर ओढून घेतलं.